'स्टोरी', तिचे अकरा अर्थ आणि माझा गुडघा

१ जुलै १९८९, शनिवार

अर्धं वर्ष संपलं. जानेवारीतले संकल्प काढून पाहिले. न वापरल्यामुळे कोरे करकरीत आहेत. तेच पुन्हा घेतो, नवे कशाला.

(१) रोज रोजनिशी. (२) सिगारेटी दिवसाला पाच. (३) पुस्तक पुरं करणं.

पुस्तक 'स्टोरी' या एका शब्दावर. मनिलाच्या इंग्रजी पेपरांत एकतीस वर्षं काढली. हा शब्द दिवसातून दोनशे वेळा कानावर पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो, हे माझ्याशिवाय अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. घडतं ती स्टोरी. घडलेलं लिहिलं की तीही स्टोरी. अजून घडलंच नाही, पण संपादकाला घडेलसं वाटतं, ती तर फारच मोठी स्टोरी. डेस्कवरून "स्टोरी कुठाय?" अशी बोंब येते तेव्हा तो नुसता कागद असतो, आणि "बारा इंची स्टोरी दे" म्हणतात तेव्हा नुसती लांबी. आईच्या भाषेत बातमीला एक शब्द, गोष्टीला दुसरा, थापेला तर पुष्कळच. इंग्रजांनी काटकसर केली.

आत्तापर्यंत सात अर्थ. डिसेंबरपर्यंत पन्नास. प्रस्तावना मनात तयार आहे, अर्पणपत्रिकाही.

सोरिंगला (बायको) सांगितलं. म्हणाली, आधी नळाचा वायसर बदल.

सिगारेटी नऊ. पण त्यातल्या दोन अर्ध्याच.

३ जुलै, सोमवार

उद्या पाळी माझी.

ज्या सरकारी खात्याच्या बातम्या माझ्याकडे आहेत, त्याच्या प्रेस रूममध्ये सात पेपरांचे सात बातमीदार. खातं पूल आणि रस्ते बांधतं, तेही लांब लांब. सातही जणांनी प्रत्येक पुलाला हजर राहायचं ठरवलं तर घरचे लोक ओळख विसरतील. म्हणून पाळी. एकानं जायचं, परत येऊन कार्बन लावून सात प्रती काढायच्या. बाकीच्यांनी आपापला इंट्रो, म्हणजे पहिला परिच्छेद, बदलायचा आणि वर आपलं नाव घालायचं. याला बाहेरचे कॉपी म्हणतात. आम्ही सहकार म्हणतो.

नियम दोनच. जो जाईल त्यानं समारंभातलं खाणं कागदात बांधून मागे राहिलेल्यांसाठी आणायचं. आणि पाळी कुणाची होती ते बाहेर कधीही सांगायचं नाही. पहिला नियम पोटासाठी, दुसरा नोकरीसाठी.

बूट काढून ठेवले. गजर पाचचा.

वायसर आणायचा राहिला.

४ जुलै, मंगळवार

सकाळी ५.१०. उठलो. बूट चमकवले. सान तेल्मो, बसनं चार तास. पुलाचं उद्घाटन, उपसचिवांच्या हस्ते.

५.४०. गुडघा.

६.०५. गुडघा फारच. बस सव्वासहाची.

६.३०. शांतपणे विचार केला. प्रेस नोट हातात आहे. उपसचिवांचं भाषण हातात आहे, टाळ्यांच्या जागासुद्धा त्यात दाखवलेल्या आहेत. एकतीस वर्षांत उद्घाटनाला कधी काही वेगळं घडलेलं पाहिलं नाही. पूल असतो, फीत असते, कात्री बोथट असते. तिथं जाऊन जे दिसणार ते मला इथून स्वच्छ दिसतंय. मग गुडघ्याला कशाला त्रास?

संध्याकाळी ६. दिवसभर सिनेमाला जाऊन बसलो. तोच सिनेमा दीड वेळा पाहिला, कारण लवकर परतलो असतो तर संशय आला असता. प्रेस रूमला जाण्याआधी घरी जाऊन कुंडीतला चिखल बुटांना फासला. या धंद्यात बारकावे महत्त्वाचे.

स्टोरी झकास उतरली. दोन हजारांचा जमाव बँडच्या तालावर पुलावरून पलीकडे गेला. एक आजी पुलाच्या मधोमध उभी राहून डोळे पुसत होती. आजी माझी. आजीशिवाय पूल कोरडा वाटतो.

प्रेस रूममध्ये सगळे वाट बघत बसलेले. पेर्पेतुआनं विचारलं, "काय कुमपारे, खायला काय आणलंस?" पेर्पेतुआ समोरच्या टेबलावरची, सव्वीस वर्षांची ओळख. आमच्या मुलीची धर्ममाता, म्हणून ती मला कुमपारे म्हणते, मी तिला कुमारे. मी म्हटलं, पान्सित (शेवया) होतं, पण आंबलेलं निघालं. लोकांच्या पोटाचा विचार करून नाही आणलं.

  सगळ्यांनी आपापली प्रत उचलली. कुमारेनं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि प्रत पर्समध्ये घातली.

पटलं असावं.

५ जुलै, बुधवार

सहा पेपरांत पूल. आमच्यात नाही!

माझी स्टोरी काढून तिथं साबणाची जाहिरात. डेस्कवर जाऊन भांडलो. सब (उपसंपादक) म्हणाला, जाहिरात ऐन वेळी आली. मी विचारलं, माझीच का कापली? तर म्हणाला, मांग दुलो (मांग म्हणजे काका, दुलो म्हणजे मी), रागावू नका, पण तुमची कापली तर कुणाचा फोन येत नाही.

राजीनामा द्यायचा. मुदत महिनाअखेर.

कुमारेनं पहिल्या पानावर मिळवलंय. इंट्रोही चांगला बदललाय, "या बातमीदाराच्या डोळ्यांदेखत" म्हणून. आजी ठेवलीय. म्हणजे माझी आजी पहिल्या पानावर, आणि मी कुठेच नाही.

सिगारेटी चौदा. कारण वर दिलं आहे.

७ जुलै, शुक्रवार

लिहायला हात उठत नाही.

सान तेल्मोच्या एका साप्ताहिकानं फोटो छापलाय. पूल आहे. या काठानं आहे, त्या काठानंही आहे. मधे नाही. मधला तुकडा अजून यायचा होता. एका काठावर बँड, दुसऱ्या काठावर नगराध्यक्ष, मधे नदी. उपसचिव अर्ध्या वाटेवरूनच परत फिरले.

माझ्या म्हणण्याप्रमाणे या पुलावरून दोन हजार माणसं पलीकडे गेली. मधोमध आजी उभी होती. कशावर, ते आता लोक विचारताहेत. भाड्याच्या जीपनीत, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच विषय. न्हाव्यानं मला विचारलं, साहेब, आजीला पोहता येत होतं का हो?

सहा पेपर उघडे पडले. सहाच.

दुपारी आमचे संपादक विलारुझसाहेब यांनी बोलावलं.  साहेब खुर्चीतून उठले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, सहा पेपर फसले, आपण फसलो नाही. दुलो, तुला वास आला होता ना? मी तोंड उघडलं. तेवढ्यात म्हणाले, काही बोलू नकोस. खऱ्या बातमीदाराला स्वतःची स्तुती ऐकवत नाही.

मी ऐकली. शेवटपर्यंत ऐकली.

सब मागे उभा होता. त्याला साबण ठाऊक आहे. त्यानंही तोंड उघडलं नाही, कारण साहेबांनी पुढचं वाक्य डेस्कच्या दक्षतेबद्दल टाकलं.

उद्या साहेबांना खरं सांगतो. उद्या शनिवार. सोमवारी.

१० जुलै, सोमवार

सांगायला गेलो. पण साहेबांनीच सुरुवात केली. नवी भरती झाली आहे, बावीस तारखेला पोरांपुढे तुझं भाषण ठेवलंय. विषय तू निवड. प्रामाणिक पत्रकारितेच्या अंगानं काहीतरी.

'स्टोरी'! विषय चालून आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते व्यासपीठ.

खरं भाषणानंतर सांगितलेलं बरं. आधी सांगितलं तर भाषण रद्द होईल आणि पोरांचं नुकसान.

आठवा अर्थ सापडला. माणूससुद्धा स्टोरी असतो. "आता तीच स्टोरी आहे" असं एखाद्या बाईबद्दल म्हणतात. कुणाबद्दल म्हणत होते ते नीट ऐकू आलं नाही. जिन्यात दोघं बोलत होते.

११ जुलै, मंगळवार

कुमारेबद्दल म्हणत होते.

बाकी पाच पेपरांनी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापून विषय मिटवला. कुमारेच्या पेपरात नव्या संपादक आल्या आहेत, मिसेस लाग्दामेओ. त्यांनी तिला समोर बसवून विचारलं, डोळ्यांदेखत म्हणजे नक्की कुठे उभं राहून पाहिलंत? चौकशी एकवीस तारखेला, सकाळी दहाला. तिच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आता काढलं तर पेन्शन गेली.

मला जिन्याखाली गाठलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही चार शब्द बोलता आले असते. म्हणाली, कुमपारे, मी नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. नियम तो नियम. पण बाई म्हणाल्यात, मूळ लिहिणाऱ्यानं जबाबदारी घेतली तर मला ताकीद देऊन सोडतील. तेव्हा तू आपण होऊन लिहून दे. तीन ओळी. गेलो नव्हतो. प्रत मी दिली. सही.

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं! आज संध्याकाळी देतो.

संध्याकाळी ७. मन थाऱ्यावर नाही. असल्या कागदाला मन थाऱ्यावर हवं. उद्या.

१२ जुलै, बुधवार

टाइपरायटरला बसलो. तीन ओळी म्हणजे तार झाली. कुणी मेल्यासारखं वाटतं. एकतीस वर्षं लिहिणाऱ्या माणसानं तीन ओळी पाठवल्या तर बाईंना वाटेल, उडवून लावतोय.

शिवाय संदर्भ हवा. न घडलेल्या गोष्टीलाही आमच्या धंद्यात स्टोरीच म्हणतात, हा शब्दच मुळात निसरडा आहे, हे आधी पटवून दिलं की पुढचं सगळं आपोआप सौम्य होतं. म्हणजे दोष निम्मा इंग्रजीचा.

सुरुवात केली: "महोदया, इंग्रजीत एक शब्द आहे."

सुरेख सुरुवात. दोनदा मोठ्यानं वाचली. मग हात चालला. दोन पानं झाली. नववा अर्थ ओघात सापडला. पुलापर्यंत अजून पोचलो नाही.

१४ जुलै, शुक्रवार

पाच पानं.

सोरिंग इस्त्री करत होती. विचारलं, काय एवढं बडवतोयस तीन दिवस? म्हटलं, एक स्टोरी आहे. म्हणाली, कसली? लोकांना सांगायची की मला सांगायची? (दहावा अर्थ. लगेच टिपून घेतला.)

मग तिला सगळं सांगितलं. सिनेमाचं सोडून. इस्त्री थांबली नाही. सदऱ्याची कॉलर संपवली, बाही संपवली. मग म्हणाली, बाप्तिस्म्याला तुझ्या पोरीला हातात धरून पेर्पेतुआ तासभर उभी होती. फादर खोळंबले होते. तू तेव्हाही उशिरा आलास, आणि येऊन म्हणालास, पुलावर गर्दी होती.

मी म्हटलं, तेव्हा खरोखरच गर्दी होती.

ती म्हणाली, आणि ते बुटांचं काय? माझ्या गुलाबाच्या कुंडीत खड्डा पडलाय.

१६ जुलै, रविवार

चर्चमध्ये पापकबुलीला गेलो. थोडा सराव व्हावा म्हणून. एकदा तोंडानं सांगितलं की कागदावर सोपं जाईल.

जाळीपलीकडून फादर म्हणाले, सांग बाळा. (बाळ त्रेपन्न वर्षांचं.) मी म्हटलं, फादर, इंग्रजीत एक शब्द आहे.

चौथ्या अर्थापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाळा, पाप कुठाय? मी म्हटलं, येतंय फादर. पाचवा सांगितला. ते म्हणाले, तुझ्यामागे सतरा जण उभे आहेत आणि त्यांनी पापं हातात धरून आणलीत. तू पुढच्या रविवारी ये.

बाहेर आलो तर रांगेतल्या बायका माझ्याकडे आदरानं पाहत होत्या. एवढा वेळ लागला म्हणजे केवढं मोठं असेल.

१८ जुलै, मंगळवार

आज पाळी कुमारेची. चौकशीला तीन दिवस, तरी गेली. शाळेच्या इमारतीची कोनशिला, बस दोन तास. येऊन प्रती वाटल्या, मग पिशवीतून कागदाच्या पुड्या काढल्या. प्रत्येकाला तीन लुंपिया (तळलेल्या गुंडाळ्या). माझ्या पुडीत पाच.

पत्राचं विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं (टाइपरायटरची रिबन). विचारलंच नाही. उत्तर वाया गेलं.

लुंपिया अजून कोमट होत्या. सगळे खात होते, हसत होते. मला मान वर करून कुणाकडे पाहता येईना. पाचही खाल्ल्या.

आता आजच पत्र पुरं करणार. उद्या फार तर.

१९ जुलै, बुधवार

पुरं झालं. अकरा पानं, अकरा अर्थ.

कबुली नवव्या पानावर, खालून दुसऱ्या परिच्छेदात. फारच छान उतरली आहे. एका वाक्यात पाच उपवाक्यं आहेत, पण सावकाश वाचलं तर समजते. दहाव्या-अकराव्यावर गुडघ्याची पार्श्वभूमी.

मध्यंतरी पाच वर्षं मी डेस्कवर होतो. तेव्हा पोरांचे कागद भिंतीवर भिरकावायचो. काय घडलं ते पहिल्या ओळीत सांग! वाचक बसची वाट बघत उभा आहे! अजून ती पोरं मला त्याच वाक्यानं ओळखतात. पण तो नियम बातमीचा. हे पत्र आहे. पत्राला ओघ लागतो.

कार्बन लावला होता. एक प्रत पुस्तकासाठी.

२० जुलै, गुरुवार

स्वतः जाऊन दिलं. पोस्टावर विश्वास ठेवला नाही. बाई मीटिंगमध्ये होत्या, सेक्रेटरीच्या हातात दिलं. तिनं वजन पाहिलं आणि विचारलं, लेख आहे का? मी म्हटलं, वाचलं की कळेल.

हलकं वाटलं. इतकं हलकं की गुडघासुद्धा दुखेना. जीपनीत एका म्हाताऱ्याला जागा दिली. घरी दोन वाट्या रस्सा प्यायलो. सोरिंगला म्हटलं, झालं काम. ती म्हणाली, तीन ओळींचं? म्हटलं, त्याहून बरंच जास्त.

संकल्प: यापुढे प्रत्येक पुलाला स्वतः जायचं. मधला तुकडा बघूनच लिहायचं.

सिगारेटी चार!! वायसर आणला. बसवायचा आहे.

२१ जुलै, शुक्रवार

सकाळी ९.३०. कुमारेच्या ऑफिससमोरच्या हॉटेलात बसलो आहे. ती सुटून बाहेर आली की आपण समोर असावं. कॉफी मागवली.

११.१०. आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात कप, ऑफिसात घालायच्या सपाता, सान्तो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, छोटी मूर्ती.

माझ्या समोर बसली. खोकं मांडीवरच ठेवलं. बाईंनी विचारलं होतं, कुणी जबाबदारी घेतली आहे का? ती म्हणाली होती, पत्र आलं असेल. सेक्रेटरीनं शोधलं. पत्र आलेलंच नव्हतं. एका इंग्रजी शब्दावरचा लेख तेवढा आला होता, तो तिनं रविवारच्या पुरवणीकडे दिला होता. तो मागवला. बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, हसल्या, म्हणाल्या, गमतीदार आहे, छापा. आणि पुन्हा चौकशीकडे वळल्या.

मी म्हटलं, अगं, नवव्या पानावर होतं!

 ती म्हणाली, कुमपारे, नवव्या?

मी कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली.

काढून टाकलं असं लिहून घेण्यापेक्षा तिनंच राजीनामा दिला. दोन ओळींचा. पेन्शन अर्धी मिळेल म्हणतात. कदाचित.

मग तिनं सांगितलं, अगदी सहज. त्या दिवशी सगळ्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. तू रिकाम्या हातानं आलास. सव्वीस वर्षांत कधी आला नव्हतास. याआधी गेला नसशील तेव्हा निदान कोपऱ्यावरून विकत तरी आणायचास. आणि बुटाच्या चिखलात गुलाबाची पाकळी होती.

मी विचारलं, मग घेतलीस कशाला? म्हणाली, साडेचार वाजले होते, डेस्क बातमीसाठी खोळंबलं होतं. आणि तुझ्या थापा आजवर खऱ्या निघायच्या. "डोळ्यांदेखत" माझं मी घातलं. ते तुझ्या माथी मारत नाही.

मी म्हटलं, मी आत्ता वर जातो, बाईंना तोंडावर सांगतो. ती म्हणाली, जा. मी उठलो. रस्ता ओलांडला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. मग वाटलं, बाईंची जेवायची वेळ असेल. घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

परत आलो तर ती गेली होती. माझ्या कॉफीचे पैसे देऊन.

२२ जुलै, शनिवार

भाषण झालं. भाषणात बारावा अर्थ म्हणून स्वतःचीच हकिगत सांगायची, पोरांपुढे, साहेबांपुढे, असं काल रस्त्यातच ठरवलं होतं. शेवटी सांगायची म्हणजे ठसते.

पंचेचाळीस मिनिटांत अकरा अर्थ झाले. पोरं भराभर लिहून घेत होती. बाराव्याला श्वास घेतला, तर दार उघडून खाण्याच्या ताटल्या आत आल्या. टाळ्या. साहेबांनी लाकडी ढाल दिली, पितळी अक्षरात: "सत्याची चाड बाळगणाऱ्यास."

सबनं माझ्या हातातली ढाल पाहिली. कानाशी येऊन म्हणाला, मांग दुलो, साबणवाल्यांनाही एक पाठवायला हवी.

लुंपिया होत्या. सवयीनं सहा कागदात बांधल्या, कुमारेला द्यायच्या म्हणून. जीपनी तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. उतरलो नाही. पुढच्या दोन थांब्यांत सहाही खाल्ल्या.

ढाल कपाटाच्या मागे ठेवली. अक्षरं भिंतीकडे.

२३ जुलै, रविवार

मिसेस लाग्दामेओंच्या पुरवणीत मी. "एका शब्दाची गंमत." पहिली दोन पानं, स्वल्पविरामाचाही बदल न करता. वर माझं नाव ठळक, शेजारी हसणाऱ्या टाइपरायटरचं चित्र. खाली बारीक अक्षरात, जागेअभावी संक्षिप्त.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं काही न कापता छापलं. कापली ती फक्त पुढची नऊ पानं, जी कापायला नको होती.

चर्चच्या दारात चार जणांनी अभिनंदन केलं. फादरही म्हणाले, अरे, हाच का तो शब्द? छान आहे. आत गेलो नाही.

सोरिंगनं ओट्याशी उभं राहून वाचलं. म्हणाली, चांगलं लिहिलंयस. मग पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. पेर्पेतुआ कुठाय यात? म्हटलं, नवव्या पानावर. तिनं पान ओट्यावर पसरलं आणि त्यावर मासे साफ करायला घेतले.

खवल्यांखालून माझं नाव बराच वेळ दिसत होतं.

२४ जुलै, सोमवार

सकाळी टाइपरायटरला कागद लावला. तीन ओळी लिहिल्या. चार मिनिटं लागली. त्यातलं एक कार्बन लावण्यात गेलं.

"४ जुलैला मी सान तेल्मोला गेलो नव्हतो. माझा गुडघा दुखत होता. पुलाची बातमी मी घरबसल्या लिहिली आणि पेर्पेतुआ दिमाकुलांगान यांना प्रत मी दिली." खाली सही. तेओदुलो बान्सुएला.

कुमारे सांपालोक भागात राहते. दार उघडंच होतं. खोल्यांत दोऱ्यांनी बांधलेली खोकी. बुधवारच्या बोटीनं जाणार, मारिंदुके बेटावर, बहिणीकडे. मला बसायला एक भरलेलं खोकं दिलं. कागद घेतला. पेन्सिल कानामागे होतीच, नोकरी गेली तरी.

उभ्यानं वाचला. मग भिंतीवर कागद टेकवून दुसरी ओळ खोडली. एकच रेघ, सरळ.

गुडघा गेला. राहिल्या दोन ओळी. म्हणाली, आता बरं आहे. मी विचारलं, आता याचा उपयोग काय तुला? म्हणाली, माझं व्हायचं ते झालं. तरी बाईंना नेऊन दे.

मी म्हटलं, उद्या. तिनं नुसतं पाहिलं. मी म्हटलं, आज. इथूनच जातो.

निघायला उठलो तेव्हा सवयीनं तिची नजर माझ्या हातांकडे गेली. एका हातात कागद होता. दुसरा रिकामा.